भाता मारणारा डावा हात

पियानो शिकायला मी गेलेच नव्हते. मी गेले होते नात येणार नाही हे सांगायला.

नात नऊ वर्षांची. मुलानं हौसेनं तिला सात रस्ता चौकाजवळच्या पियानोच्या शिकवणीला घातलं, घरी सरावाला छोटा कीबोर्ड आणला, आणि महिन्याभरात पोरीला स्केटिंगचं खूळ लागलं. मुलगा-सून दोघं ऑफिसात. मग असले नाजूक निरोप द्यायचे कुणी? रिटायर झालेल्या आजीनं! रिक्षात बसल्या बसल्या मी दोन-तीन सबबी जुळवून ठेवल्या होत्या.

एकीचीही गरज पडली नाही. दार उघडणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, पांढरेशुभ्र केस, इस्त्रीची साडी, सगळी मुलं त्यांना मिस म्हणतात. लहानपणी पुण्यात पाश्चात्त्य संगीताचं कडक शिक्षण झालेलं, यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळं सोलापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. माझं ऐकून म्हणाल्या, "हरकत नाही. स्केटिंगही चांगलं. सरबत घेणार?" आणि सरबतातली साखर विरघळेपर्यंत म्हणून त्यांनी पियानोवरची सोलापुरी चादर बाजूला सारली आणि काहीतरी वाजवायला घेतलं.

त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांवर पळायला लागले आणि मी उठून थेट पियानोपाशी जाऊन उभी राहिले.

त्याचं कारण जुनं आहे. माझे वडील मंगळवेढ्याला देवळात पुजारी होते आणि भजनाला पेटी वाजवायचे. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा मागच्या भात्यावर, हवा भरायला. पण वडील रंगात आले की मला समोर बसवायचे. मी सहा-सात वर्षांची. मी भाता मारायचा, म्हणजे त्यांचे दोन्ही हात मोकळे. "हवा सोडू नको गं," एवढंच म्हणायचे आणि मग त्यांची दहाच्या दहा बोटं पट्ट्यांवर अशी काही नाचायची, की मी तोंड उघडं टाकून बघत राहायची. मला ते सगळं समोरून, म्हणजे उलटं दिसायचं. वाजवायला मी तशीच शिकले, उलट्या बाजूनं बघून बघून. पुढं लग्नात त्यांनी ती पेटी मला दिली. आमच्या कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात बायकांचं भजनी मंडळ आहे, तिथं वीस वर्षं मीच पेटीला. पण माझ्यासमोर बसून भाता मारायला कोण होतं? वाजवायचं उजव्यानं, हवा डाव्यानं. आयुष्यात एकदा तरी आपणही दोन्ही हातांनी वाजवावं, ही हाव मनात तशीच राहून गेली होती.

सरबताचा पेला खाली ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "मिस, मला शिकवाल का?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "उद्या चारला या. नखं कापून या."

घरी हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. नातीनं तर मला स्वतःची पियानोची चित्रांची वही दिली, "आजी, यात बदकं आहेत, तुला सोपं जाईल." मंडळात मात्र कुणी हसलं नाही. तिथं माझ्या शेजारी टाळ धरणारी माझी मैत्रीण आहे. माहेर वळसंगचं, घरात शेरडं-मेंढरं, जीभ अशी की समोरच्याला सोलून काढील. वीस वर्षांत आम्ही शंभरदा भांडलो असू आणि एकदाही शनिवारचं भजन चुकवलेलं नाही. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "तू लई मोठी बाई हाईस अक्का. जा की. पर दोनी हात तिकडं दिलेस तर हितं पेटीत हवा कोण घालायचं?" आणि टाळ पिशवीत कोंबून निघून गेली.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मिसनी एक सोपी चाल दाखवली. उजव्या हातानं मी ती अशी उचलली की मिसच्या भुवया वर गेल्या. मीही फुगले. एवढ्यात डावा हात आपोआप उठला, पुढं गेला आणि पियानोच्या लाकडावर थापा मारायला लागला. वही खाली पडली. मी हात मांडीवर आणून ठेवला. परत उजवा सुरू, परत डावा उठला. माझा स्वभाव मुळात तापट. मी त्या हाताला एक चापट मारली आणि म्हणाले, "मेल्या, गप बस!"

मिसनी शांतपणे विचारलं, "तो हात काय करतोय?"

"हवा मारतोय," मी शरमून म्हणाले.

मला वाटलं, आता हसतील. नाही हसल्या. म्हणाल्या, "मारू दे. इतकी वर्षं प्रामाणिकपणे नोकरी केलीय त्यानं. त्याला दुसरं काम आहे हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आपण सांगू."

आणि मग दोन महिने मला उजव्या हातावर बसवलं. अहो, खरोखर! उजवा पंजा मांडीखाली दाबून बसायचं आणि एकट्या डाव्यानं वाजवायचं. पियानोच्या डाव्या टोकाला एका वाटीत सात चिंचोके. एकदा बिनचूक वाजलं की एक चिंचोका उजवीकडं सरकायचा. चुकलं की सगळे परत वाटीत. सहा चिंचोके पलीकडं गेलेले असताना सातव्या वेळी चुकले की माझा पारा असा चढायचा, की एकदा मी अख्खी वाटी फेकणार होते. मिस दर वेळी तेच दोन शब्द म्हणायच्या, त्याच आवाजात: "छान. पुन्हा." पन्नासाव्या वेळीही त्यात तसूभर फरक नाही. मला तर कधी कधी त्यांच्या शांतपणाचाच राग यायचा.

एकदा मी विचारलंच. "मिस, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही?"

त्या म्हणाल्या, "माझे सर बोटांवर पट्टी मारायचे. मी शिकले, पण सर गेल्यावर वर्षभर पियानो उघडला नाही. तुमची पेटी सुटायला नको."

एवढं बोलून चिंचोके परत वाटीत. मी गुपचूप वाजवायला लागले.

तिसऱ्या महिन्यात उजवा हात सुटला. दोन्ही एकत्र आले आणि परत पहिल्यापासून रडगाणं! उजव्याला सूर सापडला की डावा लाकडावर. पण हळूहळू थापा कमी झाल्या. एक दिवस सातही चिंचोके पलीकडं गेले. मी मिसना मिठीच मारली. त्या बिचाऱ्या अवघडून गेल्या, पण सोडवून घेतलं नाही.

मिसच्या घरी दर डिसेंबरात एका रविवारी सगळी मुलं आपापली चीज वाजवून दाखवतात. त्यात माझंही नाव लागलं. आठ वर्षांची, दहा वर्षांची मुलं, आणि मध्येच मी. वाजवायची होती नाचाची एक छोटी चाल, तीन मात्रांची. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मी मंडळात फुशारकीनं सांगून टाकलं, या सगळ्याजणी. मैत्रिणीनं तोंड फिरवलं. पण रविवारी तीन रिक्षा भरून सगळ्या आल्या, इरकली नेसून, गजरे माळून, आणि सगळ्यांत पुढं हीच, हातात शेंगाचटणीचा डबा मिससाठी.

माझी पाळी आली. सुरुवात झकास झाली. डावा खाली एक, उजवा वर दोन-तीन. चार ओळी झाल्या असतील, तेवढ्यात आमच्या बायकांना राहवेना. सूर कानावर पडतोय आणि आपण गप्प बसायचं, हे त्यांना कुणी कधी शिकवलंय? एकीनं टाळी धरली. मग दुसरीनं. बघता बघता अख्खं मंडळ टाळ्या वाजवायला लागलं, आणि त्याही भजनाच्या चार मात्रांच्या! मी तीनमध्ये, त्या चारमध्ये. मैत्रिणीनं तर चक्क पिशवीतून टाळ काढले. झालं! वीस वर्षांची सवय ती. टाळ ऐकल्याबरोबर डावा हात उठला आणि सगळ्यांदेखत लाकडावर हवा मारायला लागला.

मुलं खिदळली. माझ्याबरोबर आलेल्या नातीनं तोंडावर हात ठेवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता उठावं आणि सरळ रिक्षा गाठावी, असं ठरवून मी खुर्ची मागं सरकवली.

"छान," मिस म्हणाल्या. "पुन्हा."

तोच आवाज. मग त्या वळल्या आणि आमच्या मंडळाला म्हणाल्या, "ताईंनो, तुमची टाळी फार गोड आहे. पण आता सगळ्यांनी एक करा. दोन्ही हातांवर बसा."

अकरा बाया निमूटपणे आपापल्या हातांवर बसल्या! वळसंगवालीसुद्धा. तिचं ते घट्ट मिटलेलं तोंड बघून मला असं हसू फुटलं की रिक्षा गाठायचं मी विसरूनच गेले. मी पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटपर्यंत वाजवलं. दोन्ही हातांनी. डावा एकदाही उठला नाही. शेवटचा सूर संपला तेव्हा मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. जाताना वळसंगवाली एवढंच म्हणाली, "बरं वाजीवलीस." आणि पुढं, "शनिवारी ये म्हंजे झालं."

शनिवारी मी गेले. पेटी उघडली, पहिला अभंग सुरू झाला, टाळ लागले. दुसऱ्या कडव्याला पेटी घरघरली आणि बंद पडली. मी खालून-वरून बघते, तर पेटी धडधाकट. डावा हात मात्र भात्यावर नव्हताच! तो उजव्याच्या शेजारी पट्ट्यांवर येऊन ऐटीत बसला होता, तीन बोटं दाबून. अकरा बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मैत्रिणीनं सांगितलेलं तंतोतंत खरं झालं होतं, आणि आता ती मला सोलणार, यात मला शंका नव्हती.

तिनं टाळ खाली ठेवले. बसल्या बसल्या सरकत सरकत ती पेटीच्या पलीकडं, माझ्यासमोर आली आणि भात्याला हात घातला.

"वाजीव," ती म्हणाली. "दोनी हातानं वाजीव. हवा मी घालते की."

आणि असा जोरात भाता मारला की पेटी किंचाळलीच. सगळ्या हसल्या. "अगं हळू," मी म्हणाले, "हळू मार, पण हवा सोडू नको." बोलले आणि माझ्याच अंगावर काटा आला.

तिचा हात बसला. मी वाजवायला लागले, दहा बोटांनी. काय वाजवलं ते आता आठवत नाही, आनंद तेवढा आठवतो. मध्येच बघितलं तर ती गायची थांबली होती आणि माझ्या बोटांकडं बघत होती.

"अक्का," अभंग संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "ह्ये असं उलट्या बाजूनं बगून शिकता येतंय व्हय?"

"येतं की," मी म्हणाले. "मी तसंच शिकले."