कामावर गेले, पण काम मिळालं नाही

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर आठ महिन्यांनी आज आमचे हे शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत कामावर गेले. फिटर आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, पण उजवा हात अजून अडखळतो.

दुपारीच परत आले. म्हणाले, "तिथं सकाळपासून नुसतं खुर्चीवर बसवलं. पाना हातात घेतला की साहेब काढून घ्यायचे."

मला राहवलं नाही. "साहेबांना मीच फोन केला होता. तुम्हाला काम देऊ नका म्हटलं. मला भीती वाटते हो."

ह्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "आता काम द्या म्हणूनही तूच सांग."

फोन हातात घेऊन बसलेय, नंबर लावायचा धीर होत नाही. तुम्ही लावला असता?