छातीतली धूळ

"श्वास रोखा," योगगुरू म्हणाले.

म्हैसूरच्या आमच्या कंपनीच्या हॉलमध्ये आम्ही चाळीसजण मांडी घालून बसलो होतो. मला श्वास रोखता आला नाही. खोकला आला आणि थांबेचना.

त्यांनी मला पुढे बोलावलं. कधीपासून आहे, विचारलं. मी सांगितलं, लहानपणापासून. मग माझ्याकडे हात करून ते सगळ्यांना इंग्रजीत समजावू लागले. विनाकारण कोणी आजारी पडत नाही. या जन्मी नाहीतर मागच्या जन्मी, आपणच पेरलेलं असतं. ते कबूल केलं की शरीर सुधारतं. मग माझ्या तोंडापुढे माईक धरला.

"म्हणा, हा आजार मी ओढवून घेतला."

मी म्हटलं.

इंजिनिअर झालेली बाई. म्हटलं. टाळ्या पडल्या. आमचे मॅनेजर पुण्याचे, टीममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तेही वाजवत होते. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. त्यानंतर माझ्याशी इंग्रजीतच बोलायचे.

दुपारी कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. बन्नीमंटपला माझी भाड्याची खोली. घरमालकीण फक्त कन्नड बोलते, मला ती भाषा धड येत नाही. सुटीच्या दिवशी तोंडातून शब्द निघत नाही. त्या आठवड्यात ते एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. माझ्याच आवाजात.

रविवारी आईला फोन केला. झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "भोग असत्यात बाई. तुझ्या बापाचं बी तसंच झालं."

आईबाप खडी केंद्रावर कामाला होते. आठव्या वर्षापासून मीही सुटीत खडीच्या पाट्या उचलायचे. पांढरी धूळ. भाकरीवरसुद्धा. बाप खोकून खोकून गेला.

मी विचारलं, "खडी केंद्राचा मालक कधी खोकला का गं?"

आई म्हणाली,

"त्यो कशाला खोकंल? त्येचं घर वाऱ्याच्या वरच्या अंगाला हुतं."

मी फोन ठेवला आणि रडले. बापासाठी आधीही रडले होते. यावेळी रडता रडता राग येत होता.

पुढच्या महिन्यात कंपनीनं सगळ्यांना एकेक कागद वाटला. माझ्या आरोग्याला मीच जबाबदार, खाली सही. मी केली नाही. मॅनेजर माझ्या जागेपाशी आले. त्या दिवशी मराठीत बोलले.

"अगं, फॉर्मॅलिटी आहे. सगळ्यांनी केलीय."

मी उभी राहिले.

"सर, माझ्या छातीत खडी केंद्राची धूळ आहे. ती मी केलेली नाही. त्या दिवशी माईकवर बोलले ते खोटं होतं."

कोणी मान वर केली नाही. मॅनेजर कागद घेऊन गेले. आता मला मीटिंगला बोलावत नाहीत. जेवायला एकटीच असते. त्याची सवय होत नाही. होईल असंही वाटत नाही.

बापाच्या दवाखान्याच्या कागदावर टीबी लिहिलंय. पण थुंकीत टीबी एकदाही सापडला नव्हता. दगडाच्या धुळीचा आजारही एक्स-रेवर टीबीसारखाच दिसतो. बापाचे एक्स-रे मी गावाहून मागवलेत. माझेही काढलेत. दोन्ही घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जाणार आहे, तिथून कामगार खात्यात. बाप कशानं मेला ते त्यांना लिहावं लागेल. लिहीपर्यंत मी तिथून उठणार नाही.