टेम्प नावाची फाईल

एंटर दाबलं आन् झोळीतला आवाजच बंद झाला… रडता रडता मधूनच. पळत गेले तर पोरगी डोळे उघडे ठेवून छताकडं बघती, अंग गार. हलवलं, तळवे चोळले, काहीच नाय. सासूबाई दारात वटाणे सोलत होत्या, म्हणाल्या झोपली असंल.

डोळे उघडे ठेवून कोण झोपतं?

मी दहावी नापास, पण भुताखेताच्या गोष्टींना हसणारी बाई. आमची खोली सातपूरला, नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला. तीन महिन्यांचं बाळ, बाहेर जाता येत नाय, म्हणून गल्लीतल्या कंप्युटर क्लासच्या सरांनी घरबसल्या कामाला लॅपटॉप आणून दिला. काम सोप्पं. जुन्या प्रोग्रामच्या फायली… आत वरतीच एक नाव असतं, तेच बाहेर फायलीला द्यायचं. नाय दिलं तर तो कंपायलर का काय ते फाईल घेतच नाय, लाल ओळी दाखवतो.

शंभरेक फायली नीट झाल्या. मग एक आली आन् माझा हातच थांबला. बाहेर फायलीला पोरीसाठी मी मनात धरलेलं नाव. बारसं अजून व्हायचंय, तिची आत्या सुरतेवरनं येणार हाय, आन् आत्यानं कानात सांगायच्या आधी नाव तोंडातनं काढायचं नसतं आमच्यात. सासूबाई म्हणतात, आधी काढलं तर भलतंच कोणी ओ देतं. मी नवऱ्यालाबी सांगितलं नव्हतं. इथंबी लिहीत नाय. फायलीवरची तारीख माझ्या लग्नाच्या आधीची.

आत नाव होतं टेम्प. सरांना फोन केला तर हसले. "टेम्प म्हणजे तात्पुरती हो ताई. आत तेच आहे ना, मग बाहेर तेच द्या."

दिलं… आन् ते झालं.

मला काय सुचलं कोण जाणे, पोर कडेवर घेऊन एका हातानं जुनं नाव परत टाकलं. तिनं टाहो फोडला.

दवाखान्यात नेली, सगळं नीट हाय म्हणाले. संध्याकाळी सरांचा फोन — एका फायलीपायी सगळं काम अडकलंय. योगायोग असंल म्हणून मी परत केलं, पोर मांडीवर घेऊन… आई असून केलं. तसंच झालं. मांडीवर नुसतं वजन. परत जुनं नाव टाकलं तवा रडली.

सरांपुढं हात जोडले, तेवढी एक सोडा. "जमत नसेल तर राहू द्या ताई, इंदिरानगरला एक मुलगी आहे, ती करेल." आज सकाळी लॅपटॉप घेऊन गेले. त्या मुलीचा नंबर देत नायत.

रविवारी आत्या येती. तेच नाव ठेवलं आन् तिकडं त्या मुलीनं एंटर दाबलं तर? दुसरं ठेवलं तर ती फाईल माझ्या पोरीला सोडंल का पोरगीच त्या फायलीत अडकून राहील? मला काय बी कळत नाय.

सकाळपासनं मी तिला गप करत नाय. सासूबाई म्हणतात, "कसली आई गं तू, लेकराला रडवत बसलीस." बसलीय. रडती तोवर हाय ती… तुम्ही काय केलं असतं, सांगा ना?