चौऱ्याऐंशी भोकं

वृद्धाश्रमात साफसफाईला लागून मावशींना बावीस वर्षं झाली होती. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये म्हणतात, पण दुसरं कोणी वाजवत नसेल तर माणसाने करावं काय? "माझ्या मजल्यावरच्या फरशीत बघून भांग पाडा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, आणि ते खरंही होतं.

कोपऱ्यातल्या खोलीत नव्याने आलेले वेल्डर आजोबा मात्र तीन आठवडे आंघोळीला नाही म्हणत होते. दाढी स्वतः करायचे, कपडे स्वतः घालायचे, पण बाथरूमच्या दारात पाय रोवून उभे. कारण विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. मेट्रनबाईंच्या नाकी नऊ आले. सोमवारपासून दोन आयांनी मिळून त्यांचं अंग पलंगावरच पुसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. ते ऐकल्यावर आजोबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवलेही नाहीत. त्या बाथरूममध्ये असं आहे तरी काय, हे मावशींनी स्वतःच बघायचं ठरवलं.

रविवारी सकाळी मावशी अंगावरच्या कपड्यांनिशी तिथल्या शॉवरखाली उभ्या राहिल्या आणि "आई गं" म्हणत बाजूला झाल्या. निम्म्याहून जास्त भोकं क्षाराने बुजली होती. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जसं जोरात उडतं, तसं ते उरलेल्या भोकांतून येऊन टोचत होतं. खोली वर्षभर रिकामी होती. शॉवर मावशींनी रोज वरून चकचकीत पुसला होता, पाणी सोडून मात्र एकदाही पाहिला नव्हता. त्यांना स्वतःचाच राग आला. शिवाय जन्मभर ठिणग्या अंगावर झेललेला माणूस, पाणी टोचतं हे कोणत्या तोंडाने सांगणार?

पान्ह्याखाली फडकं धरून त्यांनी शॉवर काढला. आतली जाळी धुतली. गरम पाण्यात व्हिनेगर घालून त्यात तो दोन तास बुडवला, मग ब्रशने घासला आणि सुई घेऊन एकेक भोक मोकळं केलं. चौऱ्याऐंशी.

"मावशी, नवा मागवला असता की," मेट्रनबाई म्हणाल्या.

"नवाही वर्षभरात असाच होईल. माझ्या मजल्याचं मी बघते."

शॉवर बसवून त्या आजोबांकडे गेल्या. "शॉवर बिघडला होता, आजोबा. मी खाली उभी राहिले तर टोचला मला."

आजोबांनी मान वळवली. "तुम्हालासुद्धा?"

"ओरडलेच की."

ते उठले, टॉवेल घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

वीस मिनिटं झाली तरी दार उघडेना. मेट्रनबाईंनी काळजीने टकटक केलं. "आजोबा, झालं का?"

"अजून पाच मिनिटं," आतून आवाज आला.

"दहा घ्या," मावशींनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं.