इंदूबाईंचं जेवण

रामकृष्णरावांचा भरवसा दोनच ठिकाणी, महालक्ष्म्यांवर आणि फोनमधल्या बोलणाऱ्या मदतनिसावर. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मुलानं तो फोनात घालून दिला होता. तेव्हापासून हिंदी मुलखातल्या पुरानी बस्ती मोहल्ल्यात, त्या घरात कुणी शिंकलं तरी आधी त्याला विचारलं जाई. त्यानं सांगितलेलं सगळं राव ऐकत होते असं मात्र नाही.

महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाचा दिवस होता. पुरुषांची पहिली पंगत उठली, राव तृप्तीचा ढेकर देऊन सोफ्यावर टेकले, तोच त्यांची बायको इंदूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. घामानं थबथबलेल्या, हात लटलट कापत होते.

"मले कसंतरीच होऊन राहिलं."

इंदूबाईंना डायबेटिस. रावांच्या डोक्यात एकच आलं, पुरणपोळी! त्यांनी फोन तोंडाशी धरला. "बायकोची शुगर वाढली. अजून एक गोळी देऊ काय?"

घाम आणि थरथर साखर कमी झाल्यानंही होते, आवाज म्हणाला. जादा गोळी देऊ नका, आधी मशीनवर तपासा. त्या जेवल्या आहेत का?

"हो, जेवण झालं न."

आपलं ताट झालं म्हणजे घराचं जेवण झालं, हा रावांचा जन्माचा समज. यंत्र बिचारं सांगाल ते खरं धरणार. तरी त्यानं पुन्हा बजावलं, तपासा, डॉक्टरांना विचारा. पण मशीनचे सेल संपलेले, आणि सणाच्या दिवशी डॉक्टरला कुठं त्रास द्यायचा? रावांनी गोळी स्वतःच्या हातानं बायकोच्या जिभेवर ठेवली.

सवाष्णींची पंगत उठायच्या आत इंदूबाई हाकेला ओ देईनाशा झाल्या.

"इंदू! ऊठ न वं!" रावांचा आवाज फाटला. फोनला ते अक्षरशः विनवू लागले. आवाज म्हणाला, आत्ताच एकशे आठला फोन करा, तोंडात काही घालू नका. शेवटचं त्यांनी केव्हा खाल्लं?

राव सुनेकडे वळले. मंजिरीच्या हातातलं भांडं खाली पडलं. "बाबा, मम्मी ने तो सुबह से चाय भी नहीं पी! सवाष्णी उठेपर्यंत कधी खातात का त्या?"

रावांनी एकशे आठला फोन लावला. अँब्युलन्समध्ये ते बायकोचा थंड, ओला हात चोळत राहिले. देवाचं नाव तोंडात येईना. मी मारलं हिला, एवढंच मनात घुमत होतं.

इस्पितळात सलाईनमधून साखर गेली आणि इंदूबाईंनी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, धोका टळलेला नाही, गोळीचा अंमल साखर पुन्हा खाली ओढेल. नर्स वाकून विचारू लागली, "माताजी, आज खाना खाया था?"

इंदूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "हो तर," त्या पुटपुटल्या, "पोटभर जेवली मी."

"खोटं बोलून राहिली ती, सिस्टर," राव हुंदका देत म्हणाले. "अन् मले ते आजवर कधी समजलंच नाही."