तिकटीवरचा उतारा

दिघीच्या ज्योतीरामची सायकल माजघरात झोपायची आणि तिच्या चाकाला बांधलेली साखळी ज्योतीरामच्या खाटेच्या पायाला असायची. गावात तेव्हा सायकली होत्या किती, आणि त्या चोरणार कोण? पण हे त्याला सांगायचं कुणी? सांगणाऱ्याकडं तो असा काही बघायचा, की सांगणाऱ्यालाच वाटावं, आपल्याच मनात काही काळंबेरं आहे की काय. दुधात बोट बुडवून बघणार, वाण्याच्या तराजूखाली हात घालून बघणार, आणि पाहुण्यानं जेवणाची जास्त तारीफ केली तर हा विचार करत बसणार, ह्याला आपल्याकडून काय पाहिजे असेल बरं. त्याची आई आक्काबाई म्हणायची, हा पोटात असताना मी कुणाला एवढी भ्याले होते, देवाला ठाऊक. बायको अंबू काहीच म्हणायची नाही. ती काही म्हणाली असती, तर त्याचाही ह्यानं अर्थ काढला असता.

साऱ्या दुनियेत त्याचा विश्वास एकाच माणसावर होता, मालोजीवर. तोही पुरता नाही.

मालोजी त्याच्याच आळीतला. दोघं खडकीला लष्कराच्या कारखान्यात कामाला, दोघं सायकलवर. संध्याकाळचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकापासून दिघीच्या वेशीपर्यंत दोघांची जुंपायची. बाजारहाट करून येणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेला सरून उभ्या राहायच्या आणि शिव्या घालायच्या. होता होता दोघांना शर्यतीची गोम कळली. एकानं पुढं राहून वारं खायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागच्या चाकाला चिकटून दम घ्यायचा, मग बदली. ज्योतीराम ह्यातही हिशेब बघायचा. मालोजी चढाला मला पुढं करतो आणि उतार आला की स्वतः पुढं होतो, असं तो अंबूला सांगायचा. अंबू भाकरी थापत ऐकायची.

कारखान्यात उद्धवराव म्हणून भांडारात कारकून होते. त्यांना साहेबाच्या टेबलावरचे शिळे इंग्रजी पेपर मिळायचे, आणि त्यातली फ्रान्सातल्या सायकल शर्यतीची हकिगत ते जेवणाच्या सुट्टीत ह्या दोघांना वाचून सांगायचे. तिकडं म्हणे माणसं आठवडेच्या आठवडे सायकल मारतात, डोंगर चढतात, आणि पुढं असणाऱ्याला पिवळा सदरा घालायला मिळतो. शर्यत तिकडं संपून जायची तेव्हा इकडं अर्ध्यावर पोचलेली असायची, तरी दोघं कानांत प्राण आणून ऐकायचे. मालोजीच्या बायकोनं, सोजरानं, एक बनियन हळदीत बुडवून पिवळा करून दिला. आठवड्यात जो जास्त वेळा वेशीला आधी लागेल, त्यानं तो घालून कामावर जायचं. अख्खा कारखाना हसायचा. पण त्या हळदीच्या बनियनसाठी दोघं रक्त आटवायचे.

ह्याच उद्धवरावांनी एकदा सांगितलं, की फार पूर्वी तिकडं एका गड्याच्या बाटलीत म्हणे कुणीतरी काहीतरी कालवलं, आणि जिंकत आलेला गडी रस्त्यावर आडवा झाला. खरं-खोटं त्यांनाही माहीत नव्हतं. पण ज्योतीरामच्या डोक्यात ते असं बसलं, की त्या दिवसापासून त्यानं दुसऱ्यानं भरलेलं पाणी पिणं सोडलं. मालोजीला भारी मौज वाटली. तो आपल्या बाटलीतलं गुळाचं पाणी पुढं करायचा, ज्योतीरामचा हात थबकला की स्वतः आधी एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "बघ, मेलो न्हाई. पी आता." मग ज्योतीराम प्यायचा. असं ते रोजचंच झालं होतं.

भोसरीतली एक तालीम दर हिवाळ्यात शर्यत भरवायची. भोसरीहून निघायचं, मोशीवरून चाकण गाठायचं आणि परत यायचं. मोशीच्या पुढं रस्ता इंद्रायणीकडं घसरत जातो आणि त्या उतारावरच आळंदीची वाट फुटते. ती मोशीची तिकटी. छप्पन्न सालच्या शर्यतीला देहूरोडचे लष्करातले गडी उतरणार होते, तरी दोघांनी मिळून वारं वाटून घेतलं तर चांदीचा पेला दिघीत येणार, अशी साऱ्या गावाची खात्री होती.

त्या दिवशी दोघं पहिल्यापासून पुढं होते. मोशी सुटली, उतार लागला, आणि मालोजीनं एकाएकी ब्रेक दाबला. ज्योतीरामच्या मनात पाल चुकचुकली, पण पाय थांबले नाहीत. तो सणसणत मालोजीच्या पुढं गेला आणि तिकटीवर येऊन बघतो तर रस्त्याच्या मधोमध उतारा! पत्रावळीवर गुलाल लावलेला भात, कापलेलं लिंबू, काळी बाहुली. कुणाच्या अंगावरून उतरून टाकलेली पीडा. ती ओलांडली की ओलांडणाऱ्याच्या मागं लागते, हे दिघीतलं शेंबडं पोरही सांगेल. ज्योतीरामनं हँडल पिळलं. खाली बारीक खडी पसरलेली होती. चाक सरकलं आणि तो सायकलसकट बाभळीच्या बुंध्याशी जाऊन पडला. कोपर फुटलं, गुडघा सोलून निघाला, पुढचं चाक वाकडं झालं.

मालोजी पाठोपाठ आला. थांबला. सायकल टाकून ह्याला उठवायला धावला. मागचे लष्करवाले एकेक करत पुढं निघून गेले, त्यांच्याकडं त्यानं मान वळवूनही बघितलं नाही. ह्याला बुंध्याला टेकवून बसवलं, आपली बाटली काढली, सवयीप्रमाणं आधी एक घोट घेतला आणि पुढं धरली. ज्योतीरामनं ती हातानं उडवून दिली.

"आधी उतारा," तो म्हणाला, "आता पानी व्हय?"

आता बघा, मित्रासाठी ज्यानं हातातली शर्यत सोडली, त्यालाच हा बोलला. पण संशयी माणसाचं डोकं उलट्या पायाचं असतं. मालोजीनं आदल्या दिवशी ह्या रस्त्यावर चक्कर मारली होती, हे ज्योतीरामला माहीत होतं. मग खडीचं हा आपल्याला बोलला का नाही? आणि ऐन तिकटीच्या आधी ब्रेक कसा दाबला? पुढं काय मांडून ठेवलंय ते ठाऊक असल्याशिवाय? राहता राहिलं त्याचं थांबणं. तर थांबणारच! मेला का जगला, बघायला नको?

भोसरीला परतल्यावर तालमीपुढं, दोन्ही गावच्या माणसांदेखत, त्यानं हे सगळं बोलून दाखवलं. मालोजीचा चेहरा पांढरा पडला. मी तुझ्या घरी निरोप ठेवला होता, एवढंच तो म्हणाला. ज्योतीराम म्हणाला, मला कसला निरोप पोचला नाही. तेव्हा मालोजीनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"घरी जाऊन इचार," तो म्हणाला आणि सायकल हातात धरून चालता झाला.

ज्योतीरामनं विचारलं नाही. दुनियेची उलटतपासणी करणारा हा गडी, घरात मात्र एक शब्द बोलला नाही. मालोजी आता आपल्या घरच्या बायांना मध्ये ओढतोय, असा त्यानं त्याचाही अर्थ काढला होता.

बोललेलं ज्योतीराम विसरलाही असता, पण गाव कसं विसरणार? मालोजीच्या घरात करणी करतात, अशी कुजबुज सुरू झाली. आक्काला कमी ऐकू यायचं, तिच्यापर्यंत ती पोचलीच नाही. सोजरा पाण्याला निघाली की बाया पोरांना दंडाला धरून आत घ्यायच्या. तिच्या हातचं दही साऱ्या आळीत नावाजलेलं. ज्या घरचं दही बिघडायचं त्या घरची वाटी आधी तिच्या दारात यायची. त्या वाट्या यायच्या बंद झाल्या. तिच्या घरचं विरजण कुणी मागेना. मालोजीनं कारखान्यात पाळी बदलून घेतली आणि शर्यतीच्या सायकलला मागं कॅरियर बसवून सुट्टीच्या वेळात मोशीपर्यंत दुधाच्या किटल्या वाहायला लागला. समोरासमोर आले तरी दोघं दोन अंगांना बघायचे. ज्योतीराम एकटाच सगळं वारं खात घरी यायचा. उद्धवराव पेपर घेऊन बसायचे, पण ऐकणारा एकच. पिवळा बनियन कुणाकडं राहिला होता, तो विषयही कुणी काढत नसे.

वर्ष सरलं. पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ज्योतीराम दुपारचा अंगणात बसून साखळीला तेल देत होता. आक्का गाठोडं घेऊन बाहेर आली. मोशी तिचं माहेर. शर्यत बघायला ती आदल्या दिवशीच भावाकडं जायची, तशी गेल्या वर्षीही गेली होती. ज्योतीरामची नजर गाठोड्यावर गेली, आणि नजर गेली म्हणजे हात गेलाच. आत काय आहे, त्यानं विचारलं. आक्काला ऐकू गेलं नाही. ती वाकली, त्यानं पुन्हा विचारलं. मग तिनंच फडकं सोडून दाखवलं. पत्रावळ, मूठभर भात, लिंबू, गुलालाची पुडी आणि काळ्या चिंधीची बाहुली.

ज्योतीरामच्या हातातली तेलाची बुधली कलंडली. हे कुठं चाललं, असं तो ओरडून विचारायला लागला. आक्का शांतपणे म्हणाली, कुठं म्हणजे? तिकटीवर. मागल्या साली तुझ्या सदऱ्यावरनं उतरून तिथंच ठेवला, म्हणून तर नुसत्या कोपरावर निभावलं. न्हाईतर त्या झाडाखाली काय झालं असतं, कुणास ठाऊक.

हे तुला कुणी सांगितलं, ज्योतीरामनं विचारलं.

"मालोजीनं," आक्का म्हणाली. "दारात येऊन सांगून गेला. आक्का, तिकटीवर उताऱ्याचं तेवढं बघा, म्हनला."

ज्योतीराम उडी मारूनच उठला. बघ, असं तो अंबूकडं वळून म्हणाला. वर्षभर म्हणत होतो ना? त्यानंच केलं, आणि करवलं कुणाच्या हातून, तर माझ्याच आईच्या! त्याला राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त बरं वाटलं होतं. वर्षभर रात्री कूस बदलताना कुठंतरी जे टोचत होतं, ते आता टोचणार नव्हतं.

अंबू उंबऱ्यात धान्य निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. नवऱ्यासमोर ती सहसा बोलायची नाही, पण आज बोलली.

"भावजी उतार म्हनले असतील," ती म्हणाली. "उताराचं बघा. खडी न्हवती का तिथं?"

आक्काला ऐकू गेलं नव्हतं, ती भाताचं फडकं पुन्हा बांधत होती. ज्योतीराम खाली बसला. उताराचं बघा. खडी बघून आलेला माणूस दारात सांगून गेला, आणि ज्योतीरामला निरोप पोचला असं समजून सकाळी निर्धास्त आला. उताराला ब्रेक दाबला तो खडीसाठी. थांबला तो आपल्यासाठी. आणि आपण भोसरीत, चारचौघांत... त्याला स्वतःची एवढी शरम कधीच वाटली नव्हती. हे सगळं एकाच शब्दात अडकलं होतं, आणि तो शब्द सोडवायला घरात एकदा तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.

त्यानं आक्काच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, ठेव तुझा उतारा, पण रस्त्याच्या कडंला ठेव, बाभळीखाली. मग तो पायात वहाणा घालायला लागला. कुठं जातोय ते अंबूनं विचारलं नाही. ती आत गेली आणि एक रिकामी वाटी आणून त्याच्या हातात ठेवली.

"जाताच हाय तर विरजण आना सोजराबाईंकडनं," ती म्हणाली. "आन् येताना झाकू नका. पारावरनं या."

मालोजी दारात किटल्या विसळत होता. ज्योतीराम उभा राहिला, आणि जे कळलं ते त्यानं काही न लपवता, काही न सजवता सांगितलं. मालोजी किटली विसळत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती. सोजरा आतून बाहेर आली, तिनं ज्योतीरामकडं बघितलं, मग त्याच्या हातातल्या वाटीकडं. वाटी बघितल्यावर मात्र तिला धीर धरवेना. तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच आत वळली. माझं चुकलं, ज्योतीराम म्हणाला. मालोजीनं किटली पालथी घातली.

"औंदाबी खडी हाय तिकटीवर," तो म्हणाला. "ह्या टायमाला तुझ्या तोंडावर सांगतो. आक्काला न्हाई."

एवढंच. उद्या शर्यतीला येतोस का, हे विचारायचा धीर ज्योतीरामला झाला नाही. सोजरानं वाटीत दह्याची कवडी घातली. मालोजीचा हात जुन्या सवयीनं वाटीकडं आला, आधी आपण चाखून बघायला. ज्योतीरामनं वाटी मागं घेतली, स्वतःचं बोट बुडवलं आणि चाटलं. दही आंबट होतं, चांगलं होतं.

संध्याकाळी पारावर माणसं जमायची तशी जमली होती. ज्योतीराम उघडी वाटी समोर धरून मधून चालला. कुणीतरी विचारलं, काय घेऊन चाललास?

"विरजण," ज्योतीराम मोठ्यानं म्हणाला, सगळ्या पाराला ऐकू जाईल असं. "मालोजीच्या घरचं. आन् तो उतारा मालोजीचा न्हवता, आमच्याच घरचा व्हता. मी खोटं बोललो."

कुणी काही बोलायच्या आत मागून सायकलची घंटा वाजली. मालोजी होता. सायकलचा कॅरियर काढलेला, आणि हँडलला हळदीचा तो बनियन गुंडाळलेला. वर्षभरात त्याचा पिवळा रंग फिका पडला होता. तो थांबला नाही. ज्योतीरामच्या अंगावरून पुढं जाताना, सकाळी लवकर ये म्हणाला.