जिथे प्लांट ऐकू येत नाही

बाबा रिटायर झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मले चार दिवस अशा जागी न्या, जिथं प्लांट आयकू येत नाई."

मागणी साधी होती. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये, आम्ही त्या आवाजातच वाढलो. दुरून येणारी, जाड, सलग घरघर. दिवसा ती रहदारीत बुडून जाई, रात्री वर येई. रिटायरमेंटनंतर क्वार्टर सोडून वैशाली नगरात आलो, तरी बाबांच्या मते आवाज मागोमाग आलाच. जेवताना ते मान वर करत. "आज लय जोरात हाय."

"हो ना," आई पोळी वाढत म्हणे. "वारा इकडचा हाय."

मीही मान डोलवत असे. मलाही तो ऐकू येत होता. निदान तेव्हा मी शपथेवर तसं सांगितलं असतं.

बाबांना झोप लागत नव्हती. कानावर उशी दाबून पडत आणि पहाटे लाल डोळ्यांनी उठत. "लोखंडाचा आवाज हाय. कापसाले काय जुमानते!" डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. आवाज बाहेर आहे, तर डॉक्टर माझ्या कानात काय पाहणार, असं त्यांचं म्हणणं. समुद्राजवळ नीट झोप लागेल, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. प्लांटच्या मिलमध्ये काढलेल्या उभ्या जन्मात त्यांनी याहून मोठी चैन मागितली नव्हती, म्हणून आम्ही पुरीची तिकिटं काढली आणि पॉवर हाउस स्टेशनवर गाडीत चढलो.

दर्शन आईने पहिल्याच सकाळी उरकलं. मग आम्ही मोठ्या बीचवर गेलो. हिवाळ्याचे दिवस, ऊन फिकट. उंट, घोडे, शंख विकणारे, गळ्यात कॅमेरे अडकवलेले फोटोवाले. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उभे राहिले आणि डोळे मिटले. पहिल्यांदाच समुद्र पाहणारा माणूस डोळे का मिटतो, हे फोटोवाल्याला कळेना. तो म्हणाला, "अंकल, आँख खोलिए, समुंदर सामने है."

बाबा वळून आमच्याकडे आले. हसत होते. "काय वं, इथं बी हाय!"

"जनरेटर हाय तो," आई म्हणाली. "तिकडं पाहा, चहावाल्याच्या मागं."

जनरेटर खरंच होता. उसाच्या रसाचं यंत्र होतं, भोंगे होते. बाबांना पटलं. मलाही पटलं. त्या रात्री ते लॉजच्या खोलीत खिडकीशी बसून होते. 

दुसऱ्या दिवशी आम्ही कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेलो. धुकं होतं. वाळूवर सुकत घातलेली मासळी, तिच्यावर बसलेले कावळे. एक म्हातारा कोळी नावेचं इंजिन उघडून दुरुस्त करत होता. त्याने ते चालू केलं, कान लावला, बंद केलं. धक-धक थांबली तेव्हा एवढी शांतता झाली की कावळ्याचं चालणं ऐकू येत होतं.

बाबा म्हणाले, "आता ते दुसरं बी बंद करा म्हणा त्याले."

"कोणतं दुसरं?"

"अवं, ते दुसरं इंजिन. दूरचं."

मी म्हाताऱ्याला हिंदीत विचारलं. त्याने बाबांकडे नीट पाहिलं. "आज कोई नहीं गया, बाबू. सब नाव यहीं है." त्याने हात फिरवला. सगळ्या नावा धुक्यात ओळीने वाळूवर चढवलेल्या होत्या, समुद्राकडे तोंड करून. पाण्यावर काहीच नव्हतं. पाणी आणि आभाळ कुठे मिळतं तेही दिसत नव्हतं.

"दूर जहाज असन एखादं," आई पटकन म्हणाली. "मले बी येऊन राहिला ना आवाज."

मी कान दिला. मला लाटा ऐकू आल्या. लाटांच्या खाली काही आहे का म्हणून पुन्हा कान दिला. काही नव्हतं. मानेवरून कोणी गार हात फिरवावा तसं मला झालं, कारण आई समुद्राकडे पाहतच नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडे पाहत होती आणि ते जसजसं सैल होत होतं तसतशी मान डोलवत होती. वैशाली नगरात, पोळ्या वाढताना, ती अशीच मान डोलवायची. आणि मी तिच्याकडे बघून.

तिसऱ्या दिवशी बाबांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "जहाँ कोई नहीं रहता, उधर ले चलो." त्याने शहराबाहेर, सुरूच्या झाडांपलीकडे सोडलं. तिथे वाळूवर आडवा दोर बांधला होता आणि एक गार्ड स्टुलावर बसला होता. पुढचा किनारा हॉटेलच्या पाहुण्यांसाठी.

मी वाचायला शिकले ती युनियनच्या पत्रकांवर. प्लांटच्या गेटवर वाटलेली पत्रकं बाबा खिशात घालून आणायचे आणि जेवणाआधी मी ती मोठ्याने वाचायची. मागणी क्रमांक एक, मागणी क्रमांक दोन. अशा घरात वाढलेल्या मुलीसमोर समुद्राला दोर बांधू नये. मी गार्डला विचारलं, लाटांनाही पास देता का? हा दोर कोणत्या कायद्याने बांधला ते लिहून द्या. हा किनारा तुमच्या मालकाने बनवला का, की त्यालाही भाड्याने मिळालाय? माझा आवाज चढला. आई मागून माझा पदर ओढत होती, "जाऊ दे ना वं, कावून भांडून राहिली?" बाबा मात्र खूश होते. "बोलू दे तिले."

गार्डने शेवटी दोर खाली सोडला. त्याचं चिडणं संपलं होतं. "जाइए मैडम. वहाँ कुछ है भी नहीं."

खरंच काही नव्हतं. हॉटेल बंद होतं. रिकाम्या खाटा वाळूत अर्ध्या रुतल्या होत्या. वारा पडलेला, सुरूचं एक पान हलत नव्हतं. मागे वळून पाहिलं तर तीनच माणसांची पावलं. लाटासुद्धा तिथे हळू होत्या, जणू कोणी झोपलेल्याच्या खोलीतून जातंय. जनरेटर नाही, नाव नाही, रस्ता नाही. दोष द्यायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं, आणि भांडून तिथवर आम्हाला मीच आणलं होतं.

बाबा ओल्या वाळूच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुले येते का आवाज?"

आईने माझा दंड धरला. "हो म्हण," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

मला खोटं हो म्हणता येईना. "नाही, बाबा."

ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले, काढले, पुन्हा दाबले. दुरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, माणूस लहान मुलासारखा खेळतोय. तिसऱ्यांदा हात काढले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता.

"कान बंद केले तं समुद्र बंद होते," ते म्हणाले. "प्लांट नाई होत."

 एक लाट आली, त्यांच्या पावलांखालची वाळू घेऊन गेली. ते थोडे खचले, सावरले.

"काय वं," ते आईला म्हणाले, "मंग तू एवढे दिवस काय आयकत होती?"

आईने बाबांच्या पँटीची सुटलेली घडी खाली वाकून पुन्हा दुमडली. "मले वाटलं, तुमी एकटेच आयकान तं तुमाले भेव लागन."

बाबा ओल्या वाळूतच बसले. आई त्यांच्या शेजारी बसली, मग मी. उद्या घरी जाऊ तेव्हा ज्यापासून दूर पळावं असं बाहेर काही राहणार नव्हतं, हे तिघांनाही कळलं होतं. वैशाली नगरात नेमकं काय वाजत होतं आणि कोणाच्या कानात, हे आता कोण सांगणार?

थोड्या वेळाने बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "पक्कं नाई येत? एकदा अजून आयक. नीट आयक."

मी डोळे मिटले. लाट आली. लाट गेली. दोन लाटांच्या मधली जागा रिकामी असायला हवी होती. मी त्या जागेत कान घातला, खोल, श्वास धरून, आणि तिथे काहीतरी होतं की माझंच रक्त होतं, की लहानपणापासून अंगात साठलेलं सेक्टर 10 होतं, मला कळेना.

"बेटा?"

हो म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. आणि नाही म्हणण्याइतकी खात्री आता उरली नव्हती.

"थांबा बाबा," मी म्हटलं. "अजून ऐकते."